औदुंबराला पाय किती?

प्रति,
संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहारात एका पालकांचं पत्र वाचलं. त्यांनी आठवीतल्या मुलाची मराठीची वही उघडली, तर आत भावार्थ कुठेच नाही. झाडं, घरं, बाण, ढगासारखी वर्तुळं आणि रंगीत रेघोट्या. ‘हा तास मराठीचा की चित्रकलेचा?’ असा त्यांचा सवाल आहे. पत्र तिखट होतं, पण मला राग आला नाही. ते निम्मे बरोबर आहेत. उरलेल्या निम्म्यासाठी हे पत्र. लांबलं तर खुशाल कात्री लावा.

मी २८ वर्षं सातवी ते दहावीच्या वर्गांना मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे. आधीच कबूल करते, मला चित्र काढता येत नाही. माझी गाय आणि माझं कुत्रं यांत फरक फक्त शेपटीच्या लांबीचा. त्यामुळे मी चित्रकलेची भक्त म्हणून हे लिहितेय असा कुणाचा समज नको. मी या वाटेला लागले ती घसा बसला म्हणून.

झालं असं की बालकवींची ‘औदुंबर’ शिकवायची होती आणि तोंडातून आवाज फुटेना. तोवर माझी पद्धत ठरलेली होती. कविता म्हणायची, कठीण शब्द सांगायचे, भावार्थ फळ्यावर लिहायचा, मुलांनी तो उतरवायचा. ‘कवी म्हणतात की’ अशी सुरुवात आणि ‘निसर्गाचे मनोहर चित्र रेखाटले आहे’ असा शेवट. मनोहर हा शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेल याचा हिशेब नाही. त्या दिवशी एका मुलीला कविता दोनदा मोठ्यानं वाचायला लावली आणि फळ्यावर एवढंच लिहिलं, ‘कवितेत जे आहे ते काढा. शब्द लिहायचे नाहीत.’

तास संपताना ४१ वह्या गोळा केल्या. घरी जाऊन बघते तर जवळजवळ सगळ्यांत एकच चित्र. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून डोकावणारा सूर्य, एक कौलारू घर, दारातून निघणारी वळणावळणाची नदी आणि आभाळात टिकमार्क केल्यासारखे पक्षी. हे चित्र प्रत्येक मूल पहिलीपासून काढत आलेलं असतं. डोळे बांधले तरी काढेल.

मी कविता पुन्हा उघडली. आठ ओळी. त्यांत सूर्य नाही. पक्षी नाही. आभाळसुद्धा नाही! डोंगर नाही, एक टेकडी आहे आणि ती पलीकडे आहे. घर एक नाही, चार आहेत. खरं सांगते, इतकी वर्षं शिकवूनही या कवितेत आभाळ नाही हे माझ्या लक्षात आलेलं नव्हतं. माझ्या भावार्थात ते बहुधा निळं होतं.

दुसऱ्या दिवशीही घसा तसाच होता. फळ्यावर एकच प्रश्न लिहिला, ‘सूर्य कुठल्या ओळीत आहे?’ पुस्तकं उघडली गेली. मुलं ओळीवर बोट ठेवून शोधायला लागली. ४१ मुलं कवितेची एकेक ओळ बोटानं तपासताहेत हे दृश्य मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं. मग खोडरबर निघाले. सूर्य गेला, पक्षी गेले. ‘बाई, मग वरती काय काढायचं?’ या प्रश्नाला मी खांदे उडवले. बोलता येत नसलं की शिक्षक किती शहाणा होतो!

नंतर रंगांकडे वळलो. हिरवा तीनदा येतो, हिरवाळी, हिरवी गर्दी आणि हिरवं कुरण. झरा निळासावळा, पायवाट पांढरी, डोह काळा आणि शेवटी लाटांवर पसरणारा तो ‘गोड काळिमा’. एका मुलीनं वहीचं पान आठ पट्ट्यांत विभागलं आणि प्रत्येक ओळीचा रंग त्या पट्टीत भरला. पान मला दाखवून म्हणाली, ‘बाई, हे खाली खाली अंधारत चाललंय.’ तिला मी गंभीर, गूढ, अंतर्मुख यांतला एकही शब्द शिकवला नव्हता. कवितेचा उतार तिला पेन्सिलीनं सापडला होता.

पायवाटेवर बऱ्याच जणांनी एक माणूस चालवला होता. पुन्हा शोधाशोध. माणूस नाही. गाव आहे, शेतं आहेत, मळलेली वाट आहे, म्हणजे माणसं असणारच. पण आठ ओळींत एकही दिसत नाही. आणि मग शेवटच्या ओळीत कुणीतरी पाण्यात पाय टाकून बसलेलं आहे. सगळ्या कवितेत बसणारा तो एकटाच, आणि तो झाड आहे!

इथे मागच्या बाकावरच्या एका मुलाचं चित्र आलं. हा मुलगा प्रश्नाचं उत्तर दीड ओळीच्या पुढे कधी लिहीत नसे. बाकीच्यांनी काठावर उभं झाड काढलं होतं, आंब्याचं असतं तसं. यानं काढलेलं झाड बसलेलं होतं. खोड थोडं मागे रेललेलं, खालून दोन जाड मुळं निघालेली, गुडघ्यात वाकून पाण्यात गेलेली. वर्ग हसला. एक हुशार मुलगा उठून म्हणाला, ‘औदुंबराला पाय किती? दोनच का?’ यावर मागच्या बाकावरून उत्तर आलं, ‘बसलाय म्हणजे दोनच असणार. चार असते तर उभा राहिला असता.’ पुढची वीस मिनिटं वर्गात भांडण चाललं. हे झाड आहे की माणूस? माणूस असेल तर सरळ का नाही सांगितलं? ‘बसला असला औदुंबर’ यातलं ‘असला’ म्हणजे कसला? त्या शेवटच्या ओळीवर समीक्षकांनी भरपूर शाई खर्च केली आहे. माझ्या वर्गाला समीक्षा हा शब्द माहीत नव्हता, पण भांडण तेच होतं.

बालकवी १९१८ साली गेले. मी जितकी वर्षं शिकवलं तेवढं आयुष्यही त्यांना मिळालं नाही. त्यांच्या आठ ओळी मी दरवर्षी एका तासात ‘संपवत’ आले होते. त्या वर्षी चार तास गेले, आणि पाठ्यक्रम मागे पडला म्हणून बोलणीही खाल्ली.

आता त्या पालकांच्या मुद्द्याकडे येते. चित्र काढल्यानं साहित्य कळतं असं मी म्हणत नाही. पहिल्या दिवशीच्या ४१ चित्रांनी काय कळलं होतं? काहीच नाही. मुलांनी कविता बाजूला ठेवून सवयीचं चित्र काढलं होतं. उपयोग झाला तो चित्र घेऊन पुन्हा ओळीकडे गेल्यावर. चित्र काढणाऱ्याला ठरवावं लागतं. ‘पैल टेकडीकडे चार घरं’ हे वाचताना आपण सरकन पुढे जातो. काढायला बसलं की टेकडी कुठे, घरं केवढी आणि मुळात आपण कुठल्या काठावर उभे राहून बघतोय, हे सगळं ठरवावं लागतं. हात अडतो, आणि हात अडला की डोळा परत मजकुराकडे जातो. मला हवा असतो तो हा अडथळा. सुंदर चित्र मला नकोच आहे.

म्हणून पुढे माझा नियम झाला. चित्राखाली एक ओळ लिहायची, ‘हे कोणत्या शब्दामुळे काढलं?’ गुण द्यायचे तर त्या ओळीला. चित्राला कधीच नाही. हा नियम मी चुकून शिकले. एका वर्षी मी चित्रांना दहापैकी गुण दिले होते. ज्यांचा हात चांगला त्यांना आठ-नऊ. वर्गातला सगळ्यात बारकाईनं वाचणारा मुलगा होता त्याला चार, कारण त्याची माणसं काडेपेटीतल्या काड्यांसारखी. त्यानं वर्षभर पेन्सिल धरली नाही. त्याची मी माफी मागितली, पण नुकसान व्हायचं ते झालं होतं.

संशोधनाचा आधार मागणाऱ्यांसाठी सांगते. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. काही शब्द लोकांना लिहायला दिले, काहींची चित्रं काढायला दिली. नंतर चित्रं काढलेले शब्द जास्त आठवले. चित्राला अवघे चार सेकंद दिले तरी फरक पडला, आणि हात चांगला असण्या-नसण्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता. माझ्या गायीला यानं मोठाच दिलासा मिळाला. पण या प्रयोगाचा झेंडा करून नाचणारेही मी पाहिले आहेत, त्यांना एवढंच म्हणेन की ते सुटे शब्द होते. यादीतला शब्द आठवणं वेगळं आणि ‘गोड काळिमा’ मध्ये काळिमा गोड का, हे कळणं वेगळं.

‘आजकालची फॅडं’ असंही त्या पत्रात होतं. तर लॉरेन्स स्टर्नची ‘ट्रिस्ट्रम शँडी’ ही इंग्रजी कादंबरी १७५९ ते १७६७ या काळात भागाभागानं निघाली. तिच्यात एका विधवेच्या रूपाचं वर्णन करायची वेळ येते तेव्हा लेखक वर्णन करतच नाही. एक अख्खं पान कोरं सोडतो आणि वाचकाला सांगतो की कागद तयार आहे, बैस आणि तुझ्या मनासारखी काढ. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? वृत्त शिकवताना ओळीवर लघु-गुरूच्या खुणा आपण काढतोच की. ती अर्धी वाटी आणि ती आडवी रेघ हे कवितेच्या चालीचं चित्रच आहे. फक्त त्याला आपण व्याकरण म्हणतो, त्यामुळे कुणा पालकाची तक्रार येत नाही.

चित्राची मर्यादा मला नीट कळली ती निवृत्तीनंतर. अकरावी-बारावीची सात-आठ मुलं शनिवारी माझ्याकडे वाचायला येतात. त्यांच्यासोबत जर्मनमध्ये लिहिणाऱ्या काफ्काची ‘मेटामॉर्फोसिस’ घेतली. कथेतले काही भाग मी मराठीत सांगत गेले. सकाळी जाग येते तो ग्रेगोर साम्सा किडा झालेला असतो, ही ती कथा. ही कथा नाबोकोव्ह हा कादंबरीकार अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवायचा. १९४८ ते १९५९ तो तिथे होता. तो स्वतः फुलपाखरांचा अभ्यासक, त्यामुळे ‘किडा’ एवढ्यावर त्याचं भागेना. साम्सांच्या घराचा नकाशा त्यानं काढला, कुठलं दार कुठल्या खोलीत उघडतं ते दाखवलं आणि किड्याचंही चित्र काढलं. हे झुरळ नव्हे, हा फुगीर पाठीचा भुंग्यासारखा कीटक, असं त्याचं म्हणणं. आणि तसा असेल तर त्या कवचाखाली पंख असणार. ग्रेगोरला आपल्याला पंख आहेत हे शेवटपर्यंत कळलंच नाही! वर्णन इतक्या बारकाईनं कागदावर उतरवायला बसल्याशिवाय हे पंख कुणाच्या डोक्यात आले असते असं मला वाटत नाही.

इथवर सगळं माझ्या बाजूचं. पण खुद्द काफ्कानं १९१५ साली प्रकाशकाला पत्र लिहून विनवलं होतं की मुखपृष्ठावर किडा काढू देऊ नका, लांबूनसुद्धा दाखवू नका. आणि ते ऐकलं गेलं. पुस्तक निघालं तेव्हा मुखपृष्ठावर किडा नव्हता. अर्धवट उघडलेलं दार आणि त्याच्याकडे पाठ फिरवून तोंड हातांनी झाकलेला एक माणूस, एवढंच.

मी मुलांना दोन्ही गोष्टी सांगितल्या आणि विचारलं, तुम्ही काय कराल? दोघांनी किडा काढला. एकीनं पलंग काढला, चादर एका बाजूला ओढलेली, पलंग रिकामा. एकानं फक्त दाराची कडी काढली, आतून आणि बाहेरून अशी दोनदा. एक मुलगी कोरा कागद समोर ठेवून तासभर बसली. शेवटी म्हणाली, ‘काढला की तो किडाच होतो. न काढला तर ग्रेगोर राहतो.’ तिच्या वहीत त्या दिवशी काहीही नाही. कुणी तपासली असती तर ‘काम अपूर्ण’ असा शेरा मिळाला असता.

तेव्हा न काढणं हेही या पद्धतीत बसलं पाहिजे. उपरोध काढता येत नाही. अभंगाची चाल काढता येत नाही, ती कानानंच घ्यावी लागते. म्हणून पेन्सिल हातात घेण्याआधी दोनदा मोठ्यानं वाचन, यात मी सूट देत नाही. काही मुलांना चित्रांचा मनापासून कंटाळा असतो. अशा एका मुलीला मी कवितेतली क्रियापदं तेवढी एका खाली एक लिहायला सांगायचे. ‘औदुंबर’ची तिची यादी छोटीच होती. ती बघून ती म्हणाली की झरा वाहतो, वाट चालते, काळिमा पसरतो आणि झाड नुसतं बसतं. तिला रंगांची गरजच नव्हती.

टिपणाबद्दल थोडं. वहीत नुसती चित्रं भरून चालत नाही, हे त्या पालकांचं म्हणणं मला मान्य आहे. कॉर्नेलमध्येच वॉल्टर पॉक या प्राध्यापकांनी १९५०च्या दशकात टिपणाची एक रीत रूढ केली, म्हणजे नाबोकोव्ह तिथे किडे काढत होता तेव्हाच. उजवीकडे मोठ्या भागात टिपणं, डावीकडे अरुंद पट्टीत प्रश्न आणि खुणेचे शब्द, तळाशी सारांश. मी ती मोडून वापरली. डावीकडे कवितेतला शब्द, जसाच्या तसा, काना-मात्रा न बदलता. उजवीकडे त्या शब्दानं जे सुचलं ते. चित्र, बाण, रंग, वाक्य, काहीही चालेल. तळाशी सारांश नको, न सुटलेला एक प्रश्न. सारांश लिहिला की मुलं वही मिटतात. प्रश्न उरला तर मधल्या सुट्टीत येऊन विचारतात, निदान दोघं-तिघं तरी.

कथेसाठी वेगळं करायचो. पान आडवं धरायचं आणि प्रत्येक पात्राची एक रेघ ओढायची, सुखात वर, दुःखात खाली. दोन पात्रांच्या रेघा कुठे एकमेकींना कापतात ते बघायचं. ज्याला कथेतलं गुपित माहीत आहे त्याची रेघ जाड. एकदा एका मुलानं गोष्ट सांगणाऱ्याची रेघ काढायचा हट्ट धरला. मी म्हटलं, तो पात्र नाही. तो म्हणाला, ‘पण बाई, सगळ्यात जास्त त्यालाच माहितीय आणि तो लपवतोय.’ निवेदक ही गोष्ट मी त्यानंतर कधी व्याख्येनं शिकवली नाही.

आता दुखणं सांगते, कारण त्या पालकांची तक्रार बहुधा याबद्दल असावी. या पद्धतीचा भावार्थ व्हायला वेळ लागत नाही. शिक्षक फळ्यावर मधोमध गोल काढतात, त्यात कवितेचं नाव, चहूबाजूंनी फाटे, फाट्यांवर ‘कवी’, ‘विषय’, ‘संदेश’, आणि मुलं ते चकचकीत पेनांनी उतरवतात. हा आमचा जुना भावार्थच, फक्त फुगे लावलेला. काही वह्यांत चित्रं छापून चिकटवलेली असतात, काहींत ती आईनं रात्री अकरा वाजता काढलेली असतात. पानाच्या चारी बाजूंना वेलबुट्टी, मधल्या कवितेला जागा नाही. असली वही असेल तर तक्रार करा, मी सही करते.

आणि नीटनेटकेपणाचा आग्रह तर सोडाच. रवींद्रनाथांच्या हस्तलिखितांत खोडलेले शब्द रेघांनी जोडले जाऊन त्यांचे पक्षी आणि चित्रविचित्र प्राणी व्हायचे. त्या खाडाखोडीतून ते साठीच्या पुढे चित्रकार झाले, १९३० साली पॅरिसमध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं. आपण मात्र खाडाखोडीचे गुण कापतो. माझ्या वर्गातल्या वह्या एकदा वरून तपासायला गेल्या होत्या. त्या बसलेल्या औदुंबराच्या पानावर लाल शाईत शेरा आला, ‘वहीत अनावश्यक चित्रे काढू नयेत.’ मुलानं मला विचारलं, ‘अनावश्यक म्हणजे कोणतं? एकच तर आहे.’ मी ती वही वर्षाच्या शेवटी त्याच्याकडून मागून घेतली. अजून माझ्या कपाटात आहे.

परीक्षेत याचा फायदा होतो का, हा प्रश्न येणारच. खरं उत्तर, सगळ्यांना नाही. काहींचं रसग्रहण सुधारलं, कारण लिहायला स्वतःचं काहीतरी हाताशी होतं. काहींनी वर्षभर मजेत चित्रं काढली आणि परीक्षेत गाईडमधलंच उतरवलं. तो दीड ओळीवाला मुलगा वर्षअखेरीला चार ओळींपर्यंत आला. एवढीच माझ्याकडे आकडेवारी.

त्या पालकांना एकच विनंती. आज रात्री मुलाजवळ बसा, वहीतल्या कुठल्याही चित्रावर बोट ठेवा आणि विचारा, ‘हे कवितेतल्या कुठल्या शब्दामुळे?’ तो पुस्तक उघडून शब्द दाखवू लागला तर त्याच्या शिक्षकांना माझा नमस्कार कळवा. ‘बाईंनी फळ्यावर काढलं होतं म्हणून’ असं म्हणाला, तर तुमचं पत्र योग्य जागी पोचलं होतं.

आपली,
मराठीची एक निवृत्त शिक्षिका

ता. क. हे पत्र लिहिताना वाटलं, इतकं बोलतेय तर आपणही एकदा ‘औदुंबर’ काढून बघावा. काल दुपारी बसले. झरा जमला, चार घरं जमली, वाट जरा जास्तच वाकडी झाली. झाडापाशी पेन्सिल थांबली. ते ऐल काठावर बसलंय की पैल? आठही ओळी पुन्हा वाचल्या. सांगितलेलं नाही. कागद अजून तसाच टेबलावर आहे.